निःशब्द समाधी आणि वाजती मिरवणूक : स्टॅन्ली तंबय्या यांच्या धर्मसमीक्षेचे एक वाचन

१

अर्वाचीन मराठी वाचकाचा सिंहलद्वीपाशी जो वैचारिक परिचय झाला, त्याचे श्रेय ज्यांना द्यावे लागते त्यांत धर्मानंद कोसंबी अग्रभागी आहेत. गोव्यातील सांखवाळचा हा तरुण बुद्धवचनाच्या शोधात भटकत भटकत १९०२ साली कोलंबोला पोहोचला आणि विद्योदय परिवेणात हिक्कडुवे सुमंगलाचार्यांपाशी पाली शिकला. 'निवेदन' या त्यांच्या आत्मचरित्रातून आणि पुढील ग्रंथांतून मराठी मनात सिंहलची एक प्रतिमा रुजली. जन्मभूमीत लुप्त झालेले बुद्धवचन ज्या बेटाने ताडपत्रांवर जपून ठेवले, ते हे बेट. ही प्रतिमा खोटी नाही. पण ती ग्रंथालयाच्या खिडकीतून दिसलेली आहे, आणि खिडकीच्या चौकटीबाहेर बरेच काही राहून गेले आहे.

ज्या सुमंगलाचार्यांनी धर्मानंदांच्या हाती पाली दिली, त्यांनीच एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पंडित बटुवंतुडावे यांच्या साहाय्याने 'महावंस' या बखरवजा पाली काव्याचे संपादन केले व त्याचा सिंहली अनुवाद सिद्ध केला. मठातील पोथी अशा रीतीने छापील पुस्तक झाली आणि भिक्षूंच्या पठणातला ग्रंथ सिंहली वाचकवर्गाचा इतिहास झाला. एकाच गुरूच्या हातून दोन दिशांना गेलेल्या या दोन देणग्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न आपल्याकडे फारसा विचारला गेलेला नाही. १९८३ च्या जुलैमध्ये कोलंबोत तमिळांची घरेदारे जळाली, मतदारयाद्या हाती घेऊन घरे हुडकली गेली, सरकारी आकड्यांनी चारशेच्या आत आणि इतरांच्या अंदाजाने तीन हजारांपर्यंत माणसे मारली गेली, तेव्हा आपल्या वृत्तपत्रांनी त्याची नोंद घेतली ती शेजारच्या देशातील भाषिक तंटा म्हणून. त्याचा बुद्धाच्या नावाशी काही संबंध असेल, ही कल्पना मराठी मनाला अप्रिय होती. ती तशी का होती, हेही पुढे पाहावे लागेल.

हा संबंध ज्याने आयुष्यभर तपासला, त्या स्टॅन्ली जेयराज तंबय्या या मानववंशशास्त्रज्ञाच्या लेखनाचे वाचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. ते समाजशास्त्राच्या अभ्यासकांकडे सोपवून साहित्यसमीक्षकाने मोकळे व्हावे असे नाही. संहिता आणि तिचा प्रयोग, उक्ती आणि कृती यांचे नाते हा समीक्षेचा गाभ्याचा प्रश्न आहे, आणि तो इथे रक्तामांसाचा झालेला आहे.

२

तंबय्यांचा जन्म १९२९ साली जाफना भागातील एका ख्रिस्ती तमिळ कुटुंबात झाला. सिलोन विद्यापीठ आणि कॉर्नेल येथे शिक्षण घेऊन ते मायदेशी अध्यापन करू लागले. १९५६ साली गल ओया खोऱ्यातील वसाहतींचे सर्वेक्षण विद्यार्थ्यांसह करीत असताना स्वतंत्र सिलोनमधील पहिली सिंहली-तमिळ दंगल त्यांनी जवळून पाहिली. पुढे ते थायलंडला गेले, आणि केंब्रिज, शिकागो व हार्वर्ड येथे अध्यापन करून २०१४ साली निवर्तले. आपल्या देशातील बौद्ध समाजाच्या रोषाची झळ ज्याच्या समाजाला लागली, त्याने आपल्या उमेदीची वर्षे थायलंडमधील बौद्ध धर्म समजून घेण्यात घालवली, ही गोष्ट त्यांचे पुढील लेखन वाचताना विसरून चालणार नाही.

ईशान्य थायलंडमधील एका खेड्याच्या अभ्यासावर आधारलेला त्यांचा ग्रंथ १९७० साली आणि राजसत्ता व भिक्षुसंघ यांच्या संबंधांचा विचार करणारा ग्रंथ १९७६ साली प्रसिद्ध झाला. या दोन्ही ग्रंथांत एक पवित्रा सातत्याने दिसतो. त्रिपिटकातला तो खरा बौद्ध धर्म आणि खेड्यातला तो त्याचा अपभ्रंश, ही पाश्चात्त्य पालीपंडितांनी रूढ केलेली विभागणी त्यांना मान्य नाही. शेतकरी, भिक्षू, भूतवैद्य आणि राजा हे सर्व मिळून जे आचरतात ते एक सलग क्षेत्र आहे. ग्रंथ त्या क्षेत्राच्या आत वावरतो, वर नव्हे, असा त्यांचा आग्रह आहे.

या आग्रहाला सैद्धांतिक बळ मिळाले ते त्यांच्या विधिविचारातून. १९६८ च्या एका व्याख्यानात त्यांनी मंत्रशब्दांच्या सामर्थ्याचा प्रश्न उचलला आणि १९७९ च्या दुसऱ्या व्याख्यानात विधीची 'प्रयोग' म्हणून मीमांसा केली. भाषातत्त्वज्ञ ऑस्टिन यांनी दाखवून दिले होते की काही वाक्ये वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत, ती उच्चारणे हीच एक कृती असते. 'मी शपथ घेतो' हे वाक्य शपथेविषयीचे विधान नव्हे. ते उच्चारताच शपथ घडते. म्हणून अशा उक्तीला खरी किंवा खोटी म्हणता येत नाही, ती साधली की फसली एवढेच विचारता येते. तंबय्यांनी हे सूत्र विधीला लावले. 'पिरित' म्हणजे परित्राणपाठ रात्रभर चालतो. भिक्षूंच्या हातातून पवित्र सूत्र फिरते, मध्ये पाण्याचे पात्र असते, पाली सुत्तांचे पठण होते आणि ऐकणाऱ्या गावकऱ्यांपैकी बहुतेकांना पालीचा एक शब्दही कळत नाही. तरी श्रवणाने पुण्य लाभते आणि अरिष्ट टळते, ही त्यांची श्रद्धा अढळ असते. मंत्रार्थ ठाऊक नसला तरी पूजा यथासांग पार पडते, हे आपल्याकडील यजमान जाणतोच. इथे अर्थ शब्दकोशातून येत नाही. कोण म्हणतो, कोठे, केव्हा, कोणासमोर आणि कोणत्या क्रमाने, यातून तो येतो.

विधीचे अस्तित्व दुहेरी असते, हा तंबय्यांचा या मीमांसेतील सर्वांत फलदायी विचार होय. एका बाजूने विधी विश्वरचनेचे चित्र उभे करतो, आणि त्याच वेळी तो करणाऱ्यांची समाजातील पायरी, त्यांचा अधिकार, त्यांचे दावे यांकडे बोट दाखवतो. पालखीचा मार्ग देवाचा असतो आणि मानकऱ्यांचाही असतो. पुढील विवेचनाची किल्ली मला या विचारात दिसते, आणि खुद्द तंबय्यांनी ती सर्वत्र वापरली नाही, असे माझे म्हणणे आहे.

३

१९८३ नंतर तंबय्यांच्या लेखनाचा सूर पालटला. १९८६ साली त्यांनी श्रीलंकेतील बंधुहत्या आणि लोकशाहीची मोडतोड यांवर एक तातडीचे पुस्तक लिहिले, आणि १९९२ साली 'बुद्धिझम बिट्रेड?' हा त्यांचा सर्वाधिक वादग्रस्त ग्रंथ आला. अहिंसेचा उपदेश करणाऱ्या धर्माच्या देशात इतकी राजकीय हिंसा कशी, हा साधा प्रश्न ग्रंथाच्या आरंभी आहे. श्रीलंकेत या ग्रंथाविरुद्ध मोठे काहूर उठले. बहुतेक टीकाकार शीर्षकापाशीच अडले, आणि नकळत त्यांनी योग्य ठिकाणी बोट ठेवले. कारण ते शीर्षक तंबय्यांचे एकट्याचे नाही.

१९५६ च्या आरंभी अखिल सिलोन बौद्ध काँग्रेसने नेमलेल्या चौकशी समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्याच्या इंग्रजी संक्षेपाचे नाव होते 'द बिट्रेयल ऑफ बुद्धिझम', म्हणजे बौद्ध धर्माचा विश्वासघात. वसाहती सत्तांनी, मिशनरी शाळांनी आणि त्यांच्या आश्रयाने वाढलेल्या वर्गाने बौद्ध धर्माचा घात केला, असा त्याचा आरोप होता, आणि शिक्षणाच्या बाबतीत त्यात तथ्यही पुष्कळ होते. निवडणूक तोंडावर होती. बुद्धपरिनिर्वाणाच्या अडीच हजार वर्षांचा जयंतीसोहळा येऊ घातला होता. एस. डब्ल्यू. आर. डी. भंडारनायके यांचा पक्ष भिक्षूंच्या सक्रिय प्रचाराने सत्तेवर आला आणि जूनमध्ये सिंहली हीच राजभाषा ठरवणारा कायदा संमत झाला. १९५७ मध्ये तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी त्यांनी मर्यादित स्वायत्ततेचा करार केला. एप्रिल १९५८ मध्ये भिक्षूंनी त्यांच्या निवासस्थानासमोर ठाण मांडले आणि करार मोडीत निघाला. पुढच्याच महिन्यात दंगली पेटल्या. सप्टेंबर १९५९ मध्ये भंडारनायके यांच्यावर गोळ्या झाडल्या त्या एका भिक्षूने, आणि कटाचा सूत्रधार ठरला तो कॅलणिया या प्रतिष्ठित विहाराचा प्रमुख भिक्षू.

हा सर्व इतिहास तंबय्यांनी साक्षेपाने मांडला आहे. अहवालाने जो शब्द परकीयांवर फेकला होता, तोच त्यांनी प्रश्नचिन्ह जोडून स्वकीयांकडे वळवला. वाङ्मयीन दृष्टीने हा विडंबनाचा नव्हे तर प्रत्यावर्तनाचा प्रकार आहे. दुसऱ्याच्या तोंडचा शब्द त्याला परत ऐकवायचा आणि त्याच्या अर्थाची जबाबदारी त्याच्यावर टाकायची, अशी ही रीत आहे. शीर्षकातील प्रश्नचिन्ह म्हणूनच निर्णायक ठरते. ते न वाचता पुस्तकावर तुटून पडणाऱ्यांनी विधान वाचले. लेखकाने मात्र एका विधानाची उलटतपासणी आरंभली होती.

ग्रंथातील आणखी एक सूत्र लक्षात घेण्याजोगे आहे. वसाहतपूर्व राज्यव्यवस्थेचे वर्णन तंबय्या मंडलाच्या रूपकाने करतात. केंद्रस्थानी राजा आणि भोवती कमी-अधिक स्वायत्त अशी क्षेत्रे, अशा या रचनेत परके समूह सामावले जात आणि कालांतराने त्यांतील कित्येक सिंहली बौद्ध होऊन जात. कँडीचे राज्य १७३९ पासून दक्षिण भारतीय नायक्कर घराण्याकडे होते, आणि त्याच घराण्यातील कीर्ती श्री राजसिंह याच्या आश्रयाने १७५३ साली सयामहून भिक्षू आणून सिंहलमधील खंडित उपसंपदा पुन्हा सुरू करण्यात आली. ज्यांना आज परके म्हटले जाते त्यांच्याच राजाश्रयाने संघाचा जीर्णोद्धार झाला, ही वस्तुस्थिती वांशिक शुद्धतेच्या इतिहासकल्पनेला पुरेसे उत्तर आहे.

४

आता 'महावंसा'कडे वळू. इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकात महानाम नावाच्या थेराने रचलेल्या मानल्या जाणाऱ्या या काव्याच्या केंद्रस्थानी दुट्ठगामणी राजाने चोळ देशाहून आलेल्या एळार राजाशी केलेले युद्ध आहे. दुट्ठगामणी भाल्यात बुद्धधातू बसवून आणि भिक्षूंना बरोबर घेऊन निघतो, एळाराला ठार करतो आणि अनुराधपूर जिंकतो. विजयानंतर मात्र त्याला चैन पडत नाही. असंख्यांच्या संहाराच्या आठवणीने त्याचे वैभव त्याला बोचते. तेव्हा अर्हत येऊन त्याचे सांत्वन करतात की, त्याच्या हातून मेली ती हिशेबाने दीडच माणसे: एक त्रिशरण घेतलेला, दुसरा पंचशील स्वीकारलेला. बाकीचे गणतीत धरण्याजोगे नव्हते.

हा प्रसंग विसाव्या शतकातील सिंहली राष्ट्रवादाच्या प्रत्येक चर्चेत येतो, आणि यावाच. भूतदयेची शिकवण देणाऱ्या परंपरेत माणसाला माणूस न मानण्याचा असा हिशेब लिहिला गेला, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ब्रूस काप्फरर यांनी १९८८ च्या आपल्या ग्रंथात एक पाऊल पुढे टाकले. सिंहली भूतोच्चाटन विधींतून आणि या वंशकथेतून एकच विश्वदृष्टी दिसते. दुष्ट शक्तीचे तुकडे करून तिला उतरंडीच्या तळाशी ढकलल्याशिवाय समग्रता परत येत नाही, आणि १९८३ च्या हिंसेमागे हीच दृष्टी कार्यरत होती, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मांडणी भेदक आहे, पण तिचा परिणाम असा होतो की दंगलखोर हा त्याच्या संस्कृतीने उच्चारलेले वाक्य बनतो. मतदारयादी कोणी पुरवली, पोलीस उभे का राहिले, हे प्रश्न त्या वाक्यात मावत नाहीत.

शिवाय दीड माणसाच्या हिशेबापाशी थांबणारे वाचन हे अर्धे वाचन आहे. 'महावंस' आपल्या सर्गांच्या अखेरीस आपले प्रयोजन सांगतो: सज्जनांच्या ठायी प्रसाद आणि संवेग उत्पन्न करणे. प्रसाद म्हणजे श्रद्धायुक्त प्रसन्नता; संवेग म्हणजे अनित्यतेच्या जाणिवेने काळजात उमटणारा थरार. युद्धानंतर राजाला झोप न येणे हा संवेगाचा क्षण आहे. गणनाथ ओबेयसेकरे यांनी दुट्ठगामणीच्या सदसद्विवेकाचा विचार केला तो या अस्वस्थतेचेच धागे धरून. सांत्वनाची गरज निर्माण झाली, याचा अर्थ अपराधाची जाणीव संहितेने आधी मान्य केली होती.

त्याहून महत्त्वाचा आहे तो एळाराविषयीचा मजकूर. कवी त्याला खलपुरुष करीत नाही. धर्मांतर न केलेला पण न्यायी असा हा राजा होता. त्याच्या शय्येपाशी न्यायघंटा होती, आणि रथाखाली वासरू चिरडल्याबद्दल गाईने घंटा वाजवताच त्याने पोटच्या मुलाला तीच शिक्षा दिली. तमिळ परंपरेत मनुनीती चोळाच्या नावाने सांगितली जाणारी ही कथा सिंहली भिक्षूच्या काव्यात शत्रुराजाच्या गौरवार्थ येते. आणि एळार पडल्यावर दुट्ठगामणी त्याचा सन्मानाने अंत्यसंस्कार करतो, त्या जागी चैत्य बांधतो आणि तेथे पूजा करण्याची आज्ञा देतो. लंकेचे राजे त्या ठिकाणाजवळून जाताना आपली वाद्ये थांबवतात, असे कवी नोंदवून ठेवतो.

ही केवळ पोथीतली शोभा नव्हती. १८१८ चे बंड मोडल्यानंतर ब्रिटिशांपासून पळून चाललेला पिलिमतलवे हा कँडीचा सरदार त्या समाधीच्या परिसरात आल्यावर डोलीतून उतरला आणि, अंगात त्राण नसतानाही, ती जागा मागे पडल्याची खात्री होईपर्यंत पायी चालला, अशी नोंद मेजर फोर्ब्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने केली आहे. संहितेतील एक विधी बारातेराशे वर्षांनंतर एका पराभूत, पाठलाग होत असलेल्या माणसाच्या पायांतून जिवंत होता. विसाव्या शतकात मात्र, एळाराची समाधी म्हणून दाखवला जाणारा तो उंचवटा वस्तुतः दक्खिण थूप होय, असा निर्णय पुरातत्त्वज्ञ परणवितान यांनी दिला, आणि पुढे तेथे मिळालेली रक्षा दुट्ठगामणीचीच असल्याचा दावा होऊन तिला सार्वजनिक मानसन्मान मिळाला. पुरातत्त्वाच्या दृष्टीने मूळ निर्णय योग्य असेलही. पण जेथे जेत्याने जितासाठी मौन धरावयाचे होते, ती जागाही अखेर जेत्याच्या नावावर चढली, हा त्यातील प्रतीकात्म व्यवहार नजरेआड करता येत नाही.

५

तंबय्यांनी १९९६ साली 'लेव्हलिंग क्राउड्स' या ग्रंथात दक्षिण आशियातील दंगलींचा तौलनिक अभ्यास केला. सिलोनमधील १९१५, १९५६, १९५८ व १९८३ या वर्षांबरोबरच १९८४ ची दिल्ली, कराची आणि १९९२ ची अयोध्या त्यात आहे. जमावाची हिंसा ही वेडाची लाट नसून तिला क्रम, तालीम, ठरलेले मार्ग आणि ठरलेले दिवस असतात. ती सण, मिरवणूक आणि निवडणूक यांच्याकडून आपले व्याकरण उसने घेते, हा त्यातील मुख्य सिद्धांत. एखादे स्थानिक भांडण आपला तपशील गमावत जाऊन मोठ्या राष्ट्रीय वैराचे उदाहरण बनते, आणि उलट तेच मोठे वैर गल्लीतील जुन्या हेव्यादाव्यांतून अंगात शिरते, ही दुहेरी प्रक्रिया त्यांनी नेमकी टिपली आहे. विधिमीमांसक तंबय्या आणि हिंसेचे अभ्यासक तंबय्या येथे प्रथमच एकत्र येतात.

१९१५ चे प्रकरण या दृष्टीने विचारात घ्यावे. गंपोळा येथील देवालयाच्या वार्षिक पेरहेराला, म्हणजे मिरवणुकीला, एका मशिदीवरून वाद्ये वाजवीत जाण्याचा हक्क आहे की नाही, यावर तंटा उभा राहिला. १८१५ च्या कँडी करारातील पाचव्या कलमाने बौद्ध धर्म व त्याचे विधी यांना दिलेल्या संरक्षणाचा आधार घेऊन जिल्हा न्यायाधीश पॉल पीरिस यांनी मिरवणुकीच्या बाजूने निकाल दिला. वरच्या न्यायालयाने तो फिरवला. पाठोपाठ मे महिन्यात वैशाखी उत्सवाच्या दिवसांत कँडीला ठिणगी पडली आणि मुस्लिमविरोधी दंगल बेटभर पसरली. मशिदीवरून वाजत जाणाऱ्या मिरवणुकीचा वाद मराठी वाचकाला १८९३ च्या मुंबई दंगलीपासून परिचित आहे. त्याचे स्वरूप समजावून सांगण्याची गरज नाही.

'महावंसा'तील एळाराची समाधी आणि गंपोळ्याची मशीद यांना शेजारी ठेवून पाहावे, असे मला वाटते. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच आहे: दुसऱ्याच्या पवित्र जागेवरून जाताना वाद्यांचे काय करावयाचे? संहिता सांगते, थांबवावी. विसाव्या शतकातील मिरवणूक म्हणते, वाजवणे हाच आमचा हक्क. पेरहेराचे निशाण, हत्ती, ढोल, विश्वचित्र हे सर्व तेच राहिले असेल. बदलला तो विधीचा दुसरा, समाजाकडे बोट दाखवणारा चेहरा. वाद्य पूर्वी राजाच्या विनयाचे मोजमाप होते, ते आता संख्येच्या अधिकाराचे झाले. तंबय्यांच्याच सूत्राने हे सांगता येते, पण त्यांनी हिंसेवरील ग्रंथात जमावाचा विधी तपासला तेव्हा संहिता बाजूला पडली, आणि संहितेविषयी लिहिले तेव्हा विधिमीमांसा मागे राहिली. त्यांच्या कार्यातील ही फट मला सर्वांत ठळक वाटते.

१९८३ चा आरंभही एका विधीपाशीच झाला. २३ जुलैला जाफन्यात तमिळ बंडखोरांच्या हल्ल्यात तेरा सैनिक ठार झाले. त्यांचे अंत्यसंस्कार दुसऱ्या दिवशी कोलंबोच्या कनत्ते स्मशानभूमीत एकत्रितपणे करण्याचे ठरले. जमाव गोळा झाला, तास गेले, पार्थिवे आली नाहीत आणि विधी रद्द झाला. स्मशानातून बाहेर पडलेला जमाव बोरेल्ला भागातील तमिळ दुकानांवर तुटून पडला. शोक व्यक्त करण्यासाठी उभारलेला रंगमंच रिकामा राहिला आणि दुसराच प्रयोग सुरू झाला. याला एकट्या जमावाचा उद्रेक म्हणता येणार नाही. पुढील दिवसांत सत्ताधारी पक्षातील माणसांचा हात आणि शासनाची चार दिवसांची शांतता हे त्याचेच भाग होते. तरीही फसलेल्या विधीतून काय निसटते याचे यापेक्षा विदारक उदाहरण सहसा सापडणार नाही.

६

आता शीर्षकातील 'विश्वासघात' या शब्दाकडे परत यावे लागेल. घात होण्यासाठी आधी एक अखंड, शुद्ध, विश्वासाला पात्र असे काही असावे लागते. तंबय्यांच्या १९९२ च्या ग्रंथात ते स्थान बौद्ध धर्माच्या सार्वत्रिक नीतीला मिळते. नीतीचा आशय झडून गेला आणि उरली ती समूहाची ओळख, असा त्यांचा निष्कर्ष. तो चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. पण तीस वर्षे ज्याने ग्रंथातला खरा धर्म व लोकांतला भ्रष्ट धर्म ही विभागणी नाकारली, त्याच्याच प्रश्नात ती मागच्या दाराने शिरली आहे. घात झालेल्या शुद्ध धर्माची कल्पना १९५६ च्या अहवालकर्त्यांनाही प्रिय होती. आरोपी बदलले, आरोपपत्राचे व्याकरण तेच राहिले.

या शब्दाच्या जागी मी 'निवड' हा शब्द सुचवीन. परंपरेच्या संहितेत दीड माणसाचा हिशेबही आहे आणि मौन धरावयाची समाधीही आहे. कोणी, कोणत्या सभेत, कोणासमोर त्यातील काय उच्चारले आणि काय गाळले, ही कृती आहे आणि कृतीला कर्ता असतो. घात झाला असे म्हटल्याने धर्म बळी ठरतो. निवड म्हटल्याने माणसे उत्तरदायी ठरतात.

हे मराठी वाचकाच्या दृष्टीने दूरचे नाही. अडीच हजाराव्या जयंतीच्या त्याच १९५६ साली, १४ ऑक्टोबरला नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि आपल्या अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. ऑस्टिनच्या अर्थाने शुद्ध कृतिरूप उक्तीचे याहून मोठे उदाहरण अर्वाचीन भारतात शोधावे लागेल. शब्द उच्चारले गेले आणि लाखो माणसांची समाजातील जागा त्यांच्यापुरती पालटली. एकाच उत्सववर्षात एका ठिकाणी बुद्धाचे नाव बहुसंख्याकांच्या राजभाषेच्या बाजूने उभे राहिले, दुसऱ्या ठिकाणी जातिव्यवस्थेने माणसांत न मोजलेल्यांच्या बाजूने. बौद्ध धर्म आणि हिंसा यांचा संबंध आपल्या मनाला अप्रिय वाटतो तो या दुसऱ्या अनुभवामुळे, आणि ते स्वाभाविक आहे. पण त्या अनुभवाचे सामर्थ्य धर्माच्या नावात आपोआप वसत नाही. ते त्या उक्तीच्या स्थानात, काळात आणि बोलणाऱ्याच्या बाजूत होते.

आंबेडकर १९५० साली कँडी येथील जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. 'द बुद्ध अँड हिज धम्म' या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी विचारले आहे की भिक्षू हा परिपूर्ण मानव व्हावा म्हणून निर्माण झाला की समाजसेवक व्हावा म्हणून. वालपोल राहुल यांनी १९४६ च्या आपल्या सिंहली पुस्तकात हाच प्रश्न घेऊन भिक्षूच्या राजकारणातील सहभागाचे समर्थन केले होते. उत्तर दोघांचेही समाजसेवेकडे झुकणारे. परंतु एच. एल. सेनेविरत्ने यांनी १९९९ च्या 'द वर्क ऑफ किंग्ज'मध्ये दाखवल्याप्रमाणे, अनागारिक धर्मपालांपासून निघालेल्या या सेवाव्रती भिक्षूच्या कल्पनेची परिणती श्रीलंकेत प्रामुख्याने राष्ट्रवादी भिक्षूत झाली. सेवा करावयाचा तो समाज कोणता, हा शब्द मोकळा सोडला की त्यात बहुसंख्याक येऊन बसतो. आंबेडकरांच्या मांडणीत ती जागा समतेच्या अटीने आधीच बांधलेली आहे. ही अट विसरली गेली तर आपल्याकडेही शब्द तेच राहून प्रयोग बदलू शकेल.

७

श्रीलंकेतील युद्ध मे २००९ मध्ये संपले. दुट्ठगामणीच्या कथेचे आयुष्य संपले नाही. २०१४ साली अळुतगम येथे आणि २०१८ साली दिगण येथे हिंसेचे लक्ष्य मुस्लिम होते. ऑक्टोबर २०१७ मध्ये, सात लाखांच्या आसपास रोहिंग्या म्यानमारमधून बांगलादेशात ढकलले जात असताना, म्यानमारमधील सितगू सयाडो या ख्यातनाम भिक्षूने लष्करी अधिकाऱ्यांसमोर प्रवचन केले आणि त्यात दीड माणसाच्या हिशेबाची ती कथा सांगितली. सिंहली पोथीतील प्रसंग बर्मी भाषेत, गणवेशधारी श्रोत्यांपुढे, त्या महिन्यात उच्चारला गेला. तंबय्यांनी सांगितलेली सर्व अंगे इथे उपस्थित आहेत: वक्त्याचा अधिकार, स्थळ, काळ, श्रोते. कथेचा शब्दार्थ तोच असला तरी त्या दालनात तिने केलेले काम वेगळे होते. तिथे संवेग नव्हता. राजाची झोप उडण्यासाठी सांगितलेली कथा अधिकाऱ्यांना झोप यावी म्हणून सांगितली गेली.

समीक्षकाला दंगल थांबवता येत नाही. संहितेतून जे गाळले गेले ते पुन्हा वाचून दाखवणे त्याला शक्य आहे, आणि वाचून दाखवणे हीही एक कृतीच असते. तंबय्यांनी तिचे शास्त्र दिले. ते स्वतः त्यांच्या शीर्षकातील शब्दाला पुरते लावले नाही, एवढेच त्यांच्या पुढे जाऊन म्हणता येईल. धर्मानंदांच्या गुरूंनी मुद्रित केलेल्या त्या काव्यात एक राजा शत्रूच्या समाधीजवळ आपली वाद्ये थांबवतो. तो प्रसंग दुट्ठगामणीच्या विजयाइतकाच अधिकृत आहे, आणि प्रवचनासाठी तितकाच उपलब्ध आहे.